चाचणीचा फोन

डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे डागडुजीवाला म्हणत. डोळ्यांची नाही हो, दवाखान्याची वेबसाइट आणि रुग्णांना तपासणीची आठवण करून देणारी फोनची यंत्रणा, यांची डागडुजी! स्वतःचं नवं असं त्यानं उभ्या जन्मात काही लिहिलं नाही. दुसऱ्याचं मोडलं की जोडायचं, एवढंच. "ठिगळं लावता लावता म्हातारे व्हाल," बायको चिडवायची.

फोनची यंत्रणा त्याच्या मित्रानं बांधलेली. पलीकडच्याच टेबलावर बसायचा, भलता चेष्टेखोर. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला.

आणि आता फ्रेमवर्कची, म्हणजे वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते त्याची, नवी मोठी आवृत्ती आली. जुनीची मुदत संपत आलेली, चालढकल करून भागणार नव्हतं. ठरल्या वेळी आपोआप करायची कामं आता सांगाडाच करणार होता. शिवाय एखादं काम फसलं तर सोडून न देता जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करणार होता. थोडक्यात, मित्रानं हातानं रचलेला भाग पुसायचा.

पुसायच्या आधी त्यानं तो नीट वाचला. रुग्णांच्या आधी रोज सकाळी चाचणीचा एक फोन जात होता, मित्राच्या आईला. डागडुजीवाल्यानं त्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं.

"आई, ऐकू येतंय का? येत असेल तर एक दाब."

तोच आवाज, हसू दाबल्यासारखा. बाप रे, गेलेला माणूस रोज आईला हाक मारतोय आणि पलीकडे बसलेल्या याला पत्ताच नाही! जुन्या नोंदींत दिसत होतं, मित्र होता तोवर आई रोज एक दाबायची, यंत्रणा चालू आहे हे त्याला कळायचं. तो गेल्यापासून तिनं फोन उचललाच नव्हता.

"पुसा आणि जाऊन सांगा त्याच्या आईला," घरी हे ऐकल्यावर बायको म्हणाली. "असा छळ बरा नव्हे."

तिचं बरोबरच होतं. पण पुसायचं म्हणजे मित्राला आपल्या हातानं पुन्हा मारायचं, याचा जीव होईना. नाहीतरी ती उचलत नाही, एकदा वाजतो नि गप्प बसतो, राहू दे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि तो फोन तसाच नव्या आवृत्तीत नेला. न उचललेला फोन म्हणजे फसलेलं काम, हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुग्णांचे फोन सुरळीत गेले, डॉक्टरबाई खूश झाल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मित्राची आई होती.

"आज तो थांबेचना रे. रोज एकदा वाजतो, मी समोर बसून ऐकते. उचलायचा धीर होत नाही. आज वाजतच राहिला. वाटलं, काहीतरी अडलंय त्याचं. शेवटी उचलला."

"मावशी, चूक माझी..."

"आवाज ऐकला त्याचा. एक दाबलं मी, तसा लगेच गप्प झाला."

यानं फोन कानाशी धरूनच चाचणीचा भाग पुसायला उघडला.

"उचलला नाही तर परत करतो ना तो?" तिनं विचारलं.

"हो, मावशी. आता उचलेपर्यंत करतो."

"मग उद्या मी उचलणार नाही," ती म्हणाली. "दिवसभर करू दे त्याला."