मोडीतली गंगाजलाची लोटी

चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबूस वास आला की मला भंडाऱ्यातली आमची भट्टी आठवते. सत्तरच्या दशकात सासूबाई आणि मी तिथे जुन्या भांड्यांची मोड निवडायचो, तांबे एका टोपलीत आणि पितळ दुसरीत. काशीहून आणलेली, तोंड झाळून बंद केलेली गंगाजलाची लोटी त्यात निघाली, तर ती ओट्यावर वेगळी ठेवायची. आतल्या पाण्यासकट ती भट्टीत गेली, तर स्फोट होऊन वितळलेला धातू माणसाच्या अंगावर येतो. एका दुपारी ओट्यावरची लोटी दिसेना, आणि शेजारची टोपलीही रिकामी होती. “लोटी कोठी गेली वो?” सासूबाईंनी विचारले. मी भट्टीकडे धावले. नवरा मुशीवर वाकला होता. “टोपलीत लोटी होती का?” मी विचारले. “मी का एकेक पाहून राहिलो? सगळी मोड टाकली,” तो हसला. “मांगं हो पोरा!” सासूबाई ओरडल्या. आम्ही दोघींनी त्याला ओढून भिंतीआड बसवले. आत जाळ घुमत होता. तेवढ्यात समोरच्या घरातून रडणे ऐकू आले, आणि तिथली सून सासऱ्यांच्या उशापासून उठून धापा टाकत दारात आली. “काकू, मामाजी गेले. तुमची लोटी मीच नेली होती, विचारायले वेळ नव्हता. दोन थेंब तोंडात पडले त्यांच्या.” सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी नवऱ्याचा हात घट्ट धरून हसत होते, आणि हसू थांबत नव्हते. आता मोड निवडायला यंत्राचे हात आले आहेत म्हणतात. मला मात्र कुणाच्याही घरचे रडणे ऐकू आले, की आधी नवरा कुठे आहे ते पाहावे लागते.