लाल शाईतलं नाव

परवा मास्तरांच्या पुस्तकांची पेटी पुसत होते. झाकणावर लाल अक्षरात त्यांचं नाव आहे. दोन दिवसांसाठी आलेली सून म्हणाली, "आई, लाल काहून लिवलं? लग्नपत्रिका आहे काय?"

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. तुमसरजवळच्या एका कारखान्यात मशीन बसवायला कोरियाचा इंजिनिअर आला होता. त्याची बायको सुन-ही आमच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, घरी इंग्रजी शिकायला यायची. परक्या माणसासमोर बाई एकटी कशी बसणार, म्हणून मी तांदूळ निवडत तिथंच बसायची.

माझी शाळा तिसरीपर्यंत. तिचं मला कळेना, माझं तिला. पण पोरगी सासरी, पोरगा नागपूरला होस्टेलवर... तेवढा एक तास घरात कोणी आहे असं वाटायचं.

मास्तर विचारायचे, समजलं? ती मान हलवायची. समजलेलं काहीच नसायचं. गुरुजींना 'नाही' म्हणणं तिच्याकडे उद्धटपणा... हे मला दोन महिन्यांनी कळलं. मास्तरांना शेवटपर्यंत नाही.

एकदा तिनं पानभर बिनचूक लिहिलं. मास्तर खूश! वहीवर तिचं नाव लाल शाईत मोठं, ठळक लिहून दिलं. तिचा चेहरा उतरला. वही दोन्ही हातांनी घेतली, वाकली, गेली... आणि आठ दिवस फिरकली नाही.

मास्तर म्हणाले, "कंटाळली असंल."

"तुमच्या शिकवण्याले कंटाळाची असती तं कवाच पळाली असती. चला!" ओढतच नेलं त्यांना.

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ती एकटीच बसली होती. मोडक्या इंग्रजीत कसंबसं बोलली. मास्तर मला हळूच म्हणाले, "अवं, त्यायच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव लाल शाईत लिवतात म्हणते." आधीच चार महिने माहेरचं पत्र नाही, त्यात हे.

"मंग तुमी तं जित्त्या पोरीले मारून टाकलं!"

मी वही मागितली. तिच्याच भांड्यातली भाताची शितं घेऊन लाल नावावर कोरा कागद चिकटवला. निळ्या पेनानं नाव मीच लिहिलं... मराठीत, वाकडंतिकडं. तिला वाचता येत नव्हतं, तरी हसली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता दारात तिच्या चपला होत्या.

वर्षभरानं ते लोक आपल्या देशी परत गेले. मास्तर वारले, त्यालाही आता सात वर्षं झाली. तेव्हा त्यांच्याच लाल पेनानं मी पेटीवर नाव लिहिलं.

सुनेला हे सगळं सांगितलं नाही. तिला बस पकडायची होती. ते नाव लाल का आहे, हे न विचारता समजेल अशी एकच बाई... आणि ती कुठं आहे, मला ठाऊक नाही.