चित्रावरचा कागद

धरमपेठेतल्या आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलांना आणि आईवडिलांना नामांकित चित्रांच्या छापील प्रती दाखवत असू. मी चित्रं समजावून सांगायची, तिथला कारकून ती भिंतीवर टांगायचा. चित्र सरळ आहे का, हे तो एक डोळा मिटून बघायचा. त्याआधी मात्र चित्रातल्या प्रत्येक उघड्या अंगावर खाकी कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवायचा. हटकलं की म्हणायचा, "मॅडम, लोकं फॅमिली घेऊन येऊन राहिले. कोणी बोललं तं?" कटकट नको म्हणून मी गप्प बसे.

एकदा बाळाला पाजणाऱ्या आईचं चित्र होतं. तिच्या छातीवर कागद. समोरच शहराबाहेरच्या बेसा गावाहून आलेली एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती, मांडीवरच्या तान्ह्याला पाजत.

"काहून गा भाऊ, कागद काहून लावला?" तिने विचारलं.

"चांगलं नाही दिसत ना, बाई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, आणि मग वळला तेव्हा ती पाजताना त्याला दिसली.

बाईने पदर ओढला आणि पोरांना घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली.

कारकुनाचे कान लाल झाले. ओल्या रुमालाने तो कागद सोडवू लागला, तर कागदाबरोबर चित्रातल्या बाळाचं तोंडही निघून आलं. तो व्हरांड्यात गेला आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "बाई, आत चाला. पोरीयनं अजून पाहिलं नाही."

"याचं झालं की जातो आम्ही घरी," ती म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला. पुढचं चित्र माझ्या हातात होतं. ते टांगायला त्याला हाक मारायची हिंमत मला झाली नाही.