मांडवातून धरून नेलेला मामा

तुमच्या आत्याचं काम चारचौघांत सांगायला आपल्या नातेवाइकांना लाज वाटते. मला वाटत नाही, म्हणून तुम्हा नातवंडांना लिहिते आहे. ती दुर्गच्या एका वकिलांकडे आहे. जामिनावर सुटलेला माणूस तारखेला आला नाही, की ती त्याला शोधते आणि कोर्टात नेऊन उभा करते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिरांवरच पाळी आली. प्लांटमधल्या जुन्या सोबत्याला ते हाणामारीच्या खटल्यात जामीन राहिले, मरोद्याच्या आपल्या घराचे कागद कोर्टात दिले, आणि सोबती गायब झाला. पुढच्या तारखेलाही तो आला नाही, तर घरावर टाच येणार होती. भाऊजी तर घाबरून घरच्या कुंड्या स्कूटरवरून आमच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवू लागले.

तारखेच्या सकाळी आत्या म्हणाली, "त्याच्या भाचीचं आज सेक्टर सहात लग्न आहे. मामाशिवाय नवरी मांडवात कशी येईन? तो येतेच."

आत्या, भाऊजी आणि मी तिथे पोहोचलो, तेव्हा तो आलाच होता. गुलाबी फेटा बांधून नवरीच्या खोलीबाहेर उभा. आत्याने त्याचं मनगट धरलं.

"चला मामाजी, कोर्ट वाट पाहून राहिलं."

"अवं बाई, पोरीले मांडवात तं नेऊ दे! मंग पाहिजे तं फाशी दे."

नवरीच्या आईने हात जोडले. आत्या म्हणाली, "न्या. पण मी हात सोडत नाही."

न्यायचं कसं? नवरदेव अजून रस्त्यावरच होता. घोड्यापुढे त्याचे मित्र नाचत होते, आणि मुहूर्त कधीच टळला होता.

भाऊजी रडकुंडीला आले. "वहिनी, ते पोट्टे माझ्या घरावर नाचून राहिले!"

मी पर्स काखेत धरून बँडपुढे जाऊन उभी राहिले. वर्गात शिकवताना लावायचे तोच आवाज लावला. "बंद करा!"

ढोल थांबले. नवरदेवाचे वडील पुढे आले. "आजी, ही काय पद्धत झाली?"

"ही माझी पद्धत. मुलाला आत न्या. आम्हाला उशीर होतो आहे."

मुलगा स्वतःच घोड्यावरून उतरला. बिचारा उन्हात शिजला होता.

मामाने भाचीला मांडवात आणलं. त्याच्या एका हातात नवरी, दुसऱ्या हाताला आत्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती नवरीच्या मागे उभी होती. लग्नाच्या प्रत्येक फोटोत आहे. शेवटच्या अक्षता पडल्या आणि आम्ही त्याला गाडीत घातलं. जेवलोसुद्धा नाही. पुकारा झाला तेव्हा मामा फेट्यासकट साहेबांपुढे हजर होता. भाऊजींनी बाहेरच्या बाकावर बसून पहिल्यांदा पाणी मागितलं.

लग्नघरातून माणूस ओढून नेला, म्हणून त्या घरचे आता आमच्याशी बोलत नाहीत. वर म्हणतात, बाईमाणसाला शोभतं का हे? भाऊजींचं घर जात होतं तेव्हा शोभतं का विचारणाऱ्यांपैकी एकही जण दुर्गच्या कोर्टात आला नव्हता. "आई, एकदा जाऊन दिलगिरी व्यक्त कर," असं तुमचे बाबाही फोनवर म्हणाले.

मी गेले नाही. जाणारही नाही.