धनतेरस होऊ दे

ह्यांचं काम दागिन्यात नग, म्हणजे खडे, बसवायचं. भिंग लावायचं ते कायम उजव्या डोळ्याला. लग्न झाल्यापासून मी सराफ्यात ह्यांच्या बैठकीवर दुपारचा डबा घेऊन जाते, आणि हेच बघत आलेय: डावा डोळा मिटलेला, उजव्यावर भिंग, चिमट्यात एखादा माणिक. त्या दुपारी गेले तर भिंग डाव्या डोळ्याला!

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"काही नाही गं. उजवा थकतो हल्ली. डाव्यानं पण थोडी मेहनत करावी की," असं म्हणून हसले.

ते हसणं मला पुरतं ठाऊक आहे. साखर वाढली की हे असेच हसतात आणि विषय बदलतात. मी शेजारच्या बैठकीवरच्या कारागिराला, इथल्या बोलीत भियांना, विचारलं. ते बिचारे खाली मान घालून म्हणाले, "भाभीजी, ये तो राखी के टाइम से चल रहा है." म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत आणि बायकोला पत्ता नाही! असा संताप आला म्हणून सांगू. डबा तसाच ठेवला, ह्यांना उठवलं आणि रिक्षात घालून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नागपूरकडच्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो दाखवत त्या म्हणाल्या, "साखरेमुळे इथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात. पडद्याला प्राणवायू पुरत नाही, म्हणून तो एक प्रथिन सोडतो. व्हीईजीएफ म्हणतात त्याला, ग्रोथ फॅक्टर. नव्या वाहिन्या वाढवायचं त्याचं काम."

"मग चांगलंच की," हे म्हणाले.

"पोटातल्या बाळासाठी चांगलंच. जखम भरतानाही लागतं ते. पण इथे त्याच्या जोरावर उगवतात त्या वाहिन्या कच्च्या. नको तिथे पसरतात, पाझरतात, फुटतात. पुढे त्यांच्याबरोबर तंतूंचं जाळं धरतं आणि ते पडद्याला ओढून जागेवरून सोडवतं." डाव्या डोळ्यातही सुरुवात होती, पण त्यावर तूर्त नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. उजव्याला इंजेक्शन. त्यानं ते प्रथिन अडवलं जातं, पण औषधाचा असर उतरतो, म्हणून दर महिन्याला यायचं. "बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही," असं त्यांनी मला बघून सांगितलं.

डोळ्यात सुई! नुसत्या कल्पनेनं मी तोंड फिरवलं. ह्यांनी मात्र हूं की चूं केलं नाही. पहिल्याच सुईनंतर धूसरपणा ओसरला आणि भिंग परत उजव्याला गेलं. तिथेच घात झाला. पुढच्या सुईची तारीख आली ती नेमकी धनतेरसच्या तोंडावर.

"धनतेरस होऊ दे, मग बघू," हे म्हणाले. "ह्या दिवसांत गल्लीतला एक कारागीर बैठक सोडत नाही. मीच सोडू? आणि दिसतंय ना मला!"

"अहो, त्या प्रथिनाला धनतेरसची सुट्टी असते का?" मी ओरडले. भांडले, अबोला धरला, सगळं केलं. धनतेरस झाली, तर लग्नसराई लागली. दवाखान्यातून फोन आला की हे कापायचे. माझा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी हे नाश्त्याला बसले आणि म्हणाले, "पोह्यात केस आहे."

माझ्या पोह्यात केस! मी तणतणतच ताटली बदलून दिली, वर शेव आणि जिरावन मसाला घालून. तरी केस. मग म्हणाले, भिंतीवरही केस आहे. एकदम त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "अगं, धूर झालाय का घरात?"

धूर नव्हता. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. जाळ्यानं पडदाही ओढला होता. डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑपरेशन केलं, पण किती दिसेल ते सांगता येत नाही म्हणाल्या.

पुढच्या तपासणीला त्यांनी ह्यांचा डावा डोळा झाकला आणि मला समोर उभं केलं. "काय करतायत ह्या?"

ह्यांनी माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघितलं आणि म्हणाले, "हसतेय. कधी नव्हे ती हसतेय! साफ दिसतंय, डॉक्टरसाब."

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तोंडात पदर कोंबला होता, आवाज फुटू नये म्हणून. इतकं होऊनही माणूस खोटंच बोलतोय! तिथल्या तिथे एक ठेवून द्यावीशी वाटली.

"अहो, मी रडतेय," मी म्हटलं.

ह्यांचा हात डाव्या डोळ्यावरचं झाकण काढायला वर गेला. मी तो धरला. "काढू नका. डावा तरी वाचवायचाय ना? मग डॉक्टरीणबाईंना आधी खरं सांगा."

ह्यांनी हात हळूच खाली घेतला.

"नुसता उजेड आहे गं," शेवटी म्हणाले. "तू दिसत नाहीस."