क्राइस्टचर्च ते चांगी, दहा फाट्यांच्या शिंगांसह

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बायका हिऱ्याच्या कुड्या मागतात असं मी ऐकून होतो. आमच्या वसुधानं रायफल मागितली. विकत नव्हे, एका दिवसापुरती. पुण्यात कॉलेजात असताना ती एनसीसीची नेमबाज होती. त्यानंतर इकडे सिंगापुरात, वन-नॉर्थ भागातल्या प्रयोगशाळेत रसायनं हाताळण्यात वर्षं गेली. सिंगापुरात च्युइंग गम मिळायची मारामार, बंदुकीचं नाव कोण काढतो? तेव्हा न्यूझीलंड ठरलं. शिकार करायची आणि शिंगं घरी आणायची. शिंगांवाचून ती परतणार नव्हती, आणि तिच्यावाचून मी.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी: तिथे हरणं बाहेरून आणलेली आहेत, बेसुमार वाढून जंगल फस्त करतात, त्यामुळे त्यांच्या शिकारीला सरकारची ना नाही. परवानाधारक माणूस शेजारी उभा असेल तर पाहुण्यालाही त्याची बंदूक चालवता येते. मात्र शिंगं आणण्याबाबत सिंगापूरच्या संबंधित खात्याला आणि विमान कंपनीला निघण्याआधीच विचारा. आम्ही गेलो त्या सुमारास सिंह-हत्तींची मुंडकी न्यायला बऱ्याच कंपन्यांनी नकार दिला होता. हरणाला हरकत नव्हती, पण अट होती: कवटी स्वच्छ हवी, मांस नको, रक्ताचा थेंब नको, टोकं झाकलेली हवीत.

क्राइस्टचर्चला उतरून गाडी भाड्यानं घेतली. रस्ते सिंगापूरसारखेच डाव्या बाजूचे, फरक इतकाच की समोरून तासभर कुणी येत नाही. वाटेत मी चीज पाय (चीज भरलेली, भट्टीत भाजलेली कचोरी म्हणा) खाल्ला. शाकाहाऱ्याला या देशात पाय आणि बटाटे यांवर राज्य करता येतं.

आमचा वाटाड्या ग्रॅहम साठीचा, मितभाषी. आदल्या संध्याकाळी त्यानं वसुधाकडून निशाण्यावर सराव करून घेतला आणि कागदाकडे बघून एवढंच म्हणाला, "बरं आहे." तिथल्या लोकांत हा बहुधा पद्मपुरस्कार असावा.

संस्कृत काव्यांतले राजे मृगयेला रथातून जातात आणि त्यांना सर्दी झाल्याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही. आम्ही गुडघाभर ओल्या गवतातून चढलो. माझं नाक वाहत होतं. मार्चअखेर नरांचा माजाचा काळ, दरीभर डरकाळ्या. शेवटी पलीकडच्या उतारावर दहा फाट्यांचा एक नर उभा राहिला. वसुधा पालथी पडली, श्वास सोडला. एकच गोळी. तो बसल्यासारखा खाली गेला. तिनं रायफल बाजूला ठेवली. मग डोळे पुसून म्हणाली, "तडफडला नाही ना?"

"नाही," ग्रॅहम म्हणाला. "फार बरं आहे."

मांस ग्रॅहमच्या शेजारीपाजारी गेलं. कवटी त्यानं पिंपात उकळून पांढरीफेक केली, बागेच्या पाइपाचे तुकडे कापून दहाही टोकांना टोप्या घातल्या. आता फक्त विमानात चढवायचं होतं.

पण त्या दिवशी पाडवा. सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या घराण्यातली ही पहिली शिकार, म्हणजे झुरळं वगळता. आई बिचकेल असं वाटलं होतं. ती चष्मा सावरून म्हणाली, "वसुधा, अगं, घरात येणारी नवी वस्तू कोरी आणू नये. गाडी घेतलीत तेव्हा लावलं होतंस ना? हळदकुंकू लाव." वसुधा सासूचा शब्द मोडत नाही. आईनं हळदीत चुना घालून घरी केलेलं कुंकू तिच्या पर्समध्ये असतंच. तिनं ते पाण्यात कालवून कपाळाच्या हाडावर ठसठशीत बोट ओढलं. हाडानं ते पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी गुंडाळी सोडली आणि हात मागे घेतला. "सर, हे रक्त आहे. हे जाणार नाही."

आम्ही पुसलं. जाईना. वरिष्ठ आले. शिंगं इथेच सोडा किंवा विमान सोडा, म्हणाले. मी घसा साफ करून भारतीय परंपरेतील कुंकुमाचं स्थान या विषयाला हात घातला. वरिष्ठांची नजर घड्याळावर.

"अहो, व्याख्यान पुरे," वसुधा म्हणाली. "समोरच्या कॅफेतून लिंबाची फोड आणा. पळा."

मी पळालो. परत आलो तेव्हा तिनं टिश्यूपेपरवर पर्समधलं कुंकू ओलं करून ठेवलं होतं. त्यावर लिंबू पिळलं. लाल होतं ते पिवळं झालं. मग शांतपणे कवटीच्या कपाळावर पिळलं. तेही पिवळं.

"रक्त असं करत नाही," ती म्हणाली. "ही हळद आहे. खात्री नसेल तर अर्धा डाग ठेवलाय, तुम्ही पिळून बघा."

वरिष्ठांनी खरंच पिळून बघितलं. मग काउंटरवरच्या बाईंनाही बघायचं होतं. मागच्या रांगेतला एक मेंढपाळछाप गृहस्थ ओरडला, "अहो, तिला सोडा आता, नाहीतर आम्हा सगळ्यांना शाळेत बसवेल!" मोठ्या सामानाचं शुल्क भरलं, चिकटपट्टी लागली, आणि शिंगं पट्ट्यावरून आत गेली. मी इतका फुगलो होतो की माझ्याच जादा वजनाचे पैसे भरावे लागतात की काय.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाऊन सगळं दाखवलं. तपासणी झाली, हसून सोडलं. साध्या टॅक्सीत शिंगं मावेनात, मोठी बोलावली. टॅक्सीवाले अंकल मागे वळून वळून बघत होते. "व्वा! बॉस, यू शूट आह?"

घरी आता दिवाणखान्यात सोफ्याच्या वर ती आहेत. गणपतीला मंडळाची माणसं येतात, वर बघतात आणि मग आदरानं माझ्याकडे वळतात. मी पोट सावरून, शक्य तितक्या रुबाबात त्यांना जे सांगतो, ते त्या रात्री टॅक्सीत पहिल्यांदा म्हटलं होतं:

"नो, अंकल. माय वाइफ. मी फक्त लिंबू आणलं."