दाऊद टिंडेलांची लाल बाही

दाऊद टिंडेल गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांची बाही दोरीवर वाळत घालत होतो. श्रीवर्धनच्या बाजारातून परतणारा एक सुपारीवाला गडग्यापाशी थांबला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचे टिंडेल गेले हो, परवाच्या जुम्म्याला.” मी विचारले, “कोण टिंडेल?” इतक्या वर्षांची सवय... ते नाव कोणी काढले की आधी ओळख नाकारायची. सुपारीवाल्याने दोरीवरच्या लाल फडक्याकडे पाहिले आणि वाट धरली. त्याला आता काही आठवडे झाले. चैत्रातले कडक ऊन आहे, शेजारच्या अंगणात घातलेल्या मिरच्या कडकडीत वाळल्या. बाही मात्र कोपरापासून खाली अजून ओली लागते.

महायुद्ध संपून काही वर्षे लोटली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खाडीच्या तोंडाशी दगडी धक्का बांधायला घेतला आणि मुंबईहून वाफेची यारी, म्हणजे क्रेन, आली. मोठाल्या शिळा उचलून पाण्यात उतरवायच्या तर तिच्यावाचून गत नव्हती. तोवर आमच्या किनाऱ्यावर ओझे उचलायचे ते दोर, कप्पी आणि टिंडेलाची आरोळी यांवर. टिंडेल म्हणजे खलाशांच्या टोळीचा म्होरक्या. त्याने ‘हाबेस’ म्हटले की ओढायचे, ‘आर्या’ म्हटले की सोडायचे. पण वाफेच्या फुत्कारात आरोळी ऐकू जाईना, आणि एकाच यारीला चौघे चार बाजूंनी हात करू लागले. एकाचा पाय गेला, तेव्हा खात्याने हुकूम काढला की साखळी बांधणाऱ्याने आणि यारीला इशारा देणाऱ्याने रीतसर शिकून, परीक्षा देऊन परवाना घ्यावा; त्याखेरीज कोणी यारीसमोर हात वर करू नये. शिकवायला धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग निघाला. फळ्यापाशी मी आणि साखळीपाशी दाऊद टिंडेल, अशी आमची जोडी होती.

टिंडेल दिसायला देखणे आणि त्याची त्यांना पक्की जाणीव. दाढीला मेंदी, डोळ्यांत सुरमा, अंगावर धुतलेला सदरा. उजव्या हातावर लाल खारव्याच्या जाड कापडाची खांद्यापर्यंतची बाही चढवायची, म्हणजे यारीवरच्या ड्रायव्हरला गर्दीत एकच हात दिसेल, ही कल्पना त्यांचीच. पहिली बाही त्यांच्या बायकोने, अमीनाबींनी, शिवली होती. ती चढवली की हा माणूस नवरदेवासारखा चालायचा. शिकाऊ खलाशाचा हात ढिला पडला की म्हणायचे, “अरं, माशी हाकतोस का शिळा उचलतोस?” सगळी शेड हसायची, आणि तो गडी पुन्हा कधी हात ढिला सोडत नसे.

त्यांच्या दोन गोष्टी मी फळ्यावर लिहून घेतल्या आणि पुढे वर्षानुवर्षे तशाच शिकवल्या. पहिली ही, की बाही ज्याची, जोखीम त्याची. दुसरी थांबण्याच्या इशाऱ्याची. उघडा पंजा डोक्याच्या वर धरला की ‘थांब’. “ह्याला परवाना लागत न्हाय,” टिंडेल सांगत. “धक्क्यावर हवा खायला आलेल्या पावन्यानं हात वर केला तरी यारी थांबली पायजे. आदी थांबायचं, मग त्याला शिव्या घालायच्या.”

दुपारच्या नमाजाला ते शिळांच्या ढिगामागे जात. जाताना बाही काढून यारीच्या आकड्याला अडकवीत. आकड्यावर बाही असली की यारी निजली, असा तिथला दंडकच होता. ओझे फासात तयार असले तरी बाहीला कोणी शिवत नसे. वाऱ्यावर ती रिकामी बाही हलायची. नवीन गडी तिकडे बघायचे टाळत. म्हणत, टिंडेल नसतानाही ती काहीतरी सांगते आहे असे वाटते.

धक्क्याच्या टोकाची शेवटची शिळा बसवायची होती तो दिवस. संध्याकाळच्या आगबोटीने मुंबईचे मोठे अधिकारी यायचे होते. काम पुरे दिसले तर परवान्यांचा वर्ग कायमचा होणार आणि त्याचा प्रमुख मी, असे मला आडून कळवलेले होते. सकाळपासून समुद्रावर धुरकट झाक होती. यारीवरून टोक नीट दिसत नव्हते, माणसे सावल्यांसारखी हलत होती. शिळेला साखळी घालून झाली. शिळा शेवाळलेली होती, म्हणून कडेला साखळीखाली गोणपाट कोंबायचे होते, ते राहिले. टिंडेलांनी वेळ पाहिली, बाही आकड्याला लावली आणि मला म्हणाले, “आलोच मास्तर. गोनपाट घालू, चार बोटं उचलू, दम खाऊ, मग जाऊ द्या.”

पाणी उतरू लागले होते. आणखी थोडे उतरले असते तर शिळा दुसऱ्या भरतीवर गेली असती. मी आकड्यावरून बाही काढली आणि माझ्या हातात चढवली. मला परवाना नव्हता. शिकवणाऱ्याला कसला परवाना, असे मला वाटे. मी ‘हाबेस’चा हात केला. यारीवर महादू होता, इथल्याच कोळीवाड्यातला शांत गडी. त्याला त्या धुरक्यात लाल बाही दिसली आणि त्याने उचलले.

शिळा वर गेली, आणि ढिगाआडून दाऊद टिंडेल धावत बाहेर आले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडा पंजा, डोक्याच्या वर. मधल्या ढिगामुळे महादूला ते दिसणे शक्य नव्हते. मला दिसले. मी तो इशारा पुढे द्यायचा होता, फक्त माझाही पंजा उघडायचा होता... मी तसाच हात फिरवत राहिलो. मला वाटले, आता झालेच.

साखळी शेवाळावरून सरकली. खाली तराफ्यावर धाकू खलाशी शिळा बसवून घ्यायला उभा होता. त्याने वर पाहिले ते मला अजून दिसते. त्यानंतर तराफाही नव्हता.

आरडाओरडा झाला, सगळे पाण्याकडे धावले. त्या गोंधळात मी बाही काढली. टिंडेल माझ्यासमोर उभे होते, धापा टाकत. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली. ते काय करत आहेत हे त्यांना त्या क्षणी कळत होते का, हे मी आजही सांगू शकत नाही.

चौकशी त्याच शेडमध्ये झाली, माझ्याच फळ्यासमोर. महादूने खरे तेच सांगितले, की मी माणूस बघितला न्हाय, लाल बाही बघितली, बाहीनं हात दिला, मी उचललं. मग टिंडेलांना विचारले, बाही कोणाची? त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलेन म्हणून ते थांबले. चांगले पुष्कळ थांबले, ओझे चार बोटे उचलून दम खाऊ देतात तसे. मी फळ्याकडे बघत राहिलो. फळ्यावर माझ्याच अक्षरात त्यांचे वाक्य होते.

“बाही माझी,” ते म्हणाले.

त्यांचा परवाना काढून घेतला. बाही ठेवायला माझ्या ताब्यात दिली. मी प्रमुख झालो.

टिंडेल दिवेआगरकडे एका नारळी-पोफळीच्या वाडीवर राखणदारीला गेले. इकडे पहिल्याच हिवाळ्यात, तसल्याच धुरकट सकाळी, महादूने ओझे अधांतरी थांबवले. मी खालून ओरडलो. तो म्हणाला, “टोकाला टिंडेल हायत. थांब देतायत.” टोकाला कोणी नव्हते. साखळी खाली घेऊन पाहिली तर एक कडी चिरलेली होती. घरी येऊन मी पेटी उघडली. बाही तळाशी घडी घालून ठेवली होती, कोपरापासून खाली ओली. खारट हवेने कापड दमट होते, असे मी स्वतःला समजावले. पुढे तसे पुन्हा घडले, आणि पुन्हा. दर वेळी ओझ्यात काही ना काही खोट निघे. दर वेळी मी घरी जाऊन पेटी उघडून बघे. शिकाऊ पोरे कुजबुजत आणि मी त्यांना भोळसट म्हणून रागवे. धाकूनंतर त्या धक्क्यावर एकही माणूस दगावला नाही, याचे श्रेय खात्याने माझ्या शिकवण्याला दिले.

टिंडेलांची माझी शेवटची भेट श्रीवर्धनच्या बाजारात झाली. दाढी पांढरी झाली होती, मेंदी सुटली होती, जीभ मात्र तीच. “काय मास्तर, तुमच्या धक्क्यावर अजून माजी हजेरी लागते म्हनं. पगार कोन खातो?” मी हसण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनी आवाज खाली आणला. “मी तितं नसतो, मास्तर. खुदा जानतो, त्या दिवसापासून मी धक्क्यावर पाय ठेवला न्हाय.”

“मग थांब कोण देतो?” मी विचारले.

ते म्हणाले, “मला वाटायचं, तुमी देत असाल.”

त्या भेटीतच त्यांनी एक गोष्ट मागितली. त्यांचा पुतण्या इब्राहिम परवान्याच्या परीक्षेला बसू पाहत होता. खात्याने त्याला दोनदा परत पाठवले होते, ज्या घरातली बाही काढून घेतली त्या घरात दुसरी द्यायची नाही म्हणून. त्या कागदावर शिफारस नाकारणारी सही माझी होती. “पोराचा हात चांगला हाय,” एवढेच ते म्हणाले. मी बघतो म्हणालो. मी काही बघितले नाही.

बातमी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी बाही घेऊन दिवेआगरला गेलो. अमीनाबी पडवीत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले. सांगू लागल्या, की त्या अपघातानंतर टिंडेलांचा उजवा हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. पोफळीकडे बोट दाखवायचे तरी डाव्या हाताने. नमाजातसुद्धा तो हात छातीपाशीच अडे. हकीम झाले, तेल झाले. हातात दोष काही नव्हता.

“आनि जायच्या वक्ताला उचलला,” त्या म्हणाल्या. “सरळ वर, डोक्याच्या वर. पंजा उघडा, दाराकडं. मी वळून बघितलं. दारात कोन न्हवतं.”

मी घडी उलगडून बाही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि त्या दिवशी ती कोणाच्या हातात होती ते सांगितले. बोलताना मला वाटले होते त्या रडतील, शाप देतील. त्यांनी आपलीच जुनी शिवण बोटाने चाचपली, ओला भाग लागला तसे बोट पदराला पुसले आणि बाही माझ्याकडे सरकवली.

“ही त्यांची न्हाय, मास्तर. ही तुमची. घेऊन जा.”

मी ती घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर गेलो, शेडमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितले. आज इथे लिहिले तेवढेच सांगितले, तेच खात्यालाही कळवले. इब्राहिम मागे उभा होता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. महादू आता म्हातारा झाला आहे. त्याने एकच विचारले, “टिंडेलांनी हात वर केला हुता?” मी होय म्हणालो. तो उठून बाहेर गेला आणि यारीच्या पायरीवर बसून राहिला. त्या दुपारी त्याने यारी चालवली नाही.

खात्याचे उत्तर अजून आलेले नाही. इब्राहिमला परीक्षेला बसू देतात की नाही, ते ज्यांच्या हातात आहे तेही या वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून हे इथे छापायला दिले. दाऊद टिंडेलांनी त्या दिवशी ‘थांब’ दिला होता. वेळेवर दिला होता, आणि बरोबर दिला होता.

बाही आता पेटीत ठेवत नाही. माझ्या खोलीत खुंटीला अडकवली आहे. खिडकीतून धक्का दिसतो. दुपारी नमाजाच्या वेळेला अजूनही तिथे यारी निजवतात, आकड्यावर कोणाची तरी लाल बाही हलत असते. मी ती बघत बसतो. काल असाच बसलो असताना सून जेवायला बोलवायला आली आणि दारातच थबकली. “मामंजी, कोणाला थांबवताय?” तिने विचारले.

तेव्हा मी पाहिले. माझा उजवा हात डोक्याच्या वर होता, पंजा उघडा. किती वेळ होता कोण जाणे... खांदा भरून आला होता आणि कोपरापासून खाली ओल होती.